चाकामागचा ठोकळा

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे एक फोन ठरलेला असायचा. चहा व्हायच्या आत यायचा. उचलला की आधी चपलांचा आवाज ऐकू यायचा, कारण चंपालालशेठ फोनवर बोलताना कधी एका जागी उभे राहिले नाहीत. मग घाईघाईनं, "मास्तर, मिच्छामि दुक्कडम्. वरीसभरमा मन्हाकडथून काही दुखं व्हयनं व्हई ते माफ करा. वहिनीलेबी सांगा." आणि फोन बंद. पर्युषण संपलं की जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो, आणि समोरच्यानंही मागायची असते. पण शेठ समोरच्याला तेवढा वेळच देत नसत. माझी माफी दरवर्षी माझ्या तोंडातच राहायची.

यंदा फोन आला तेव्हा चपलांचा आवाज नव्हता. सुशीलाकाकू होत्या, सुरतेहून. त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत क्षमा मागितली आणि मी माझी मागेपर्यंत थांबल्या. शेठ गेले हे मला वैशाखातच कळलं होतं, तेव्हा जाऊनही आलो होतो. पण ते गेले हे मला खरं वाटलं त्या सकाळी, फोनवर कुणीतरी मला बोलू दिलं तेव्हा.

शेठ सुरतेला राहायला जाईपर्यंत शहाद्याच्या बाजारपेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथं दुकान घातलं. किराणा पुढच्या बाजूला, आणि मागच्या गोदामात सातपुड्यातून उतरणारा माल: चारोळी, डिंक, आवळा, मोहाची फुलं. दुकानात पांढरी गादी होती, लोड होता, शेठांच्या वडिलांचा फोटो त्या गादीवर बसलेला होता. शेठ मात्र मी कधी त्या गादीवर पाहिले नाहीत. तिथं मांजर झोपायचं. शेठ पोत्यांमधून फिरत असत. गिऱ्हाईक बोलत असताना काटा सरळ कर, डबा फिरवून ठेव, दारापर्यंत जाऊन रस्ता बघून ये, असं चाललेलं. वर्तमानपत्र ओट्यावर येरझारा घालत वाचायचे, त्यामुळे अर्धी बातमी आमच्या दारासमोर आणि अर्धी त्यांच्या दारासमोर व्हायची. न्हाव्यानं त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं, शेवटी तो उभ्यानंच दाढी करायला शिकला.

मी एकदा म्हटलं, "शेठ, घटकाभर बसा हो. मला बघूनच दम लागतो."

"बठीसन काय करू, मास्तर? बठं की मन्हा पायले मुंग्या येतस."

त्यांच्या धर्मात सामायिक म्हणून एक व्रत आहे. दोन घटका एका जागी आसन घालून, तोंडाला मुहपत्ती बांधून, मन शांत ठेवून बसायचं. बाकीच्यांना उपास जड जातात, शेठांना सामायिक जड जायचं. उपासाचं त्यांना काही नव्हतं. आठ दिवसांची अठ्ठाई ते दरवर्षी करत, नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. आणि त्यातही दुकानात फिरत. काकू म्हणायच्या, "ह्यासले देव उपाशी ऱ्हाईसन नई भेटाव. एक जागावर बठतीन तवय भेटी."

त्यांची आणखी एक गंमत होती. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, डोंगरातून आलेल्या माणसाशी मोडकीतोडकी पावरी. शाळेतली मराठी त्यांना उत्तम येत होती, पण ती ते फक्त चिडल्यावर वापरत. "तू कायले उना?" असं ओरडले तर माणूस निर्धास्त असायचा. "आपण कशासाठी आलात?" असं हळू विचारलं की समजायचं, आता खैर नाही.

तर अशा माणसानं गाडी घेतली. जुनी जीप विकून नवी कोरी, पांढरी, थंड हवेची. डोंगरात माल बघायला जायचं तर काकूंनाही बरोबर नेता यावं, एवढाच हेतू. काकूंना तोरणमाळची हवा आवडायची. वर तलावाच्या काठी बसून डब्यातली खाकरा-चटणी खायची आणि संध्याकाळच्या आत उतरायचं, एवढंच त्यांचं सुख. शेठ तोवर गावात माल बघत फिरायचे.

घाटात गाडी बंद पडली ती काकू शेजारी बसलेल्या असताना. चढावर, वळणावर, इंजिन नुसतं गप्प झालं. आवाज नाही, धक्का नाही. ब्रेक दगडासारखा कडक झाला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागून मोळी घेऊन चढणाऱ्या एका पावरा माणसानं मोळी टाकली आणि रस्त्याकडेचा धोंडा उचलून चाकामागे घातला. गाडी थांबली. काकू उतरल्या, त्या माणसाला हात जोडले, आणि डोंगर चालत उतरायला लागल्या. शेठ मागून हाका मारत होते. इंजिन थोड्या वेळानं काही झालंच नाही असं चालू झालं, तरी काकू परत बसल्या नाहीत. मागून आलेल्या जीपमध्ये बायकांच्या गर्दीत बसून खाली आल्या.

"तुम्हनी गाडी तुम्हले लखलाभ," त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. "मी यष्टीमा जासू."

त्यांनी तसंच केलं. नंदुरबारला नात्यात लग्न होतं. सपाट रस्ता, वाटेत प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल, घाट नावालाही नाही. काकू यष्टीनं निघाल्या. आणि यष्टीच्या मागे, रिकामी पांढरी गाडी चालवत शेठ. कंडक्टर थांब्यावर उतरला की शेठ खिडकीशी येऊन विचारत, "पानी पाहिजे का?" काकू सरळ समोर बघत. सगळी यष्टी हसत होती. मी त्या यष्टीत होतो, मीही हसलो. पण मागच्या काचेतून मला शेठांचा चेहरा दिसत होता, आणि तो हसण्यासारखा नव्हता. चाळीसेक वर्षं शेजारी बसलेली बाई त्यांच्यावरचा विश्वास काढून घेऊन पुढच्या गाडीत जाऊन बसली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुताराकडून बाभळीचा ठोकळा करून आणला. एका बाजूनं उतरता, चाकाखाली बरोबर बसेल असा. तो गाडीच्या मागे ठेवला आणि काकूंना दाखवला. काकूंनी बघितला आणि आत गेल्या. चाकाखाली घालायला लाकूड बरोबर घेऊन फिरावं लागतं अशा गाडीवर त्यांचा भरवसा कसा बसणार, हे शेठांना त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं असावं. गाडी खरोखर दुरुस्त झाल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि मग नंदुरबारच्या त्या शोरूमच्या खेपा सुरू झाल्या. मला त्या काचेच्या इमारतीचा पहिल्या दिवसापासून राग आहे. आत गेलं की थंडी वाजते आणि प्रत्येक जण तुम्हाला "सर" म्हणतो. एवढं "सर" मला तीस वर्षं शाळेत शिकवूनही कुणी म्हटलं नव्हतं. सर्व्हिसचे मॅनेजर होते गिरासे. आमच्याच भागातले, शहाद्याजवळच्या खेड्यातले, गोल चेहऱ्याचा चाळिशीचा माणूस. गळ्यात टाय, आणि त्या टायमुळे मान वळवताना सगळं अंग वळवायचे.

"सर, गाडी मशीनला लावून पाहिली. एकदम ओके आहे."

"मशीन इथं सपाटीवर लावता. गाडी चढावर बंद पडते."

"आम्हाला फॉल्ट दिसला पाहिजे ना, सर. दिसल्याशिवाय पार्ट बदलता येत नाही."

"माझ्यासोबत घाटात या."

"स्टाफ कमी आहे, सर. पुढच्या आठवड्यात बघू."

तो पुढचा आठवडा पावसाळाभर आला नाही. दोष काय आहे ते जगजाहीर होतं. टाकीच्या आतला पंप. चढावर इंजिनला तेल पुरवता पुरवता तो मध्येच थांबायचा आणि थंड झाला की पुन्हा चालायचा. तळोद्याच्या जनावरांच्या डॉक्टरांची तीच गाडी, तेच दुखणं. त्यांच्या साडूनं गुजरातमध्ये आरडाओरडा केला तर तिथं गुपचूप पंप बदलून दिला. कंपनी कुणाला कळवत नव्हती, जो जास्त ओरडेल त्याला देत होती. वर्कशॉपमधला माणूस शेठांना बघितलं की नजर चुकवून टायरची हवा तपासायला लागायचा. हे सगळं कळूनही समोर बसून "एकदम ओके आहे" ऐकायचं म्हणजे डोकं फिरायची वेळ. शेठ तिथं अशी शुद्ध मराठी बोलत की शोरूमवाल्यांना वाटे, काय सभ्य माणूस आहे. फक्त मला ठाऊक होतं, ते किती भडकलेले आहेत.

वॉरंटी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याच्या आधीचे आठ दिवस पर्युषण. म्हणजे शेवटच्या आठवड्यात, भांडायची खरी गरज असताना, शेठांना भांडायची बंदी. या दिवसांत राग धरायचा नाही, कुणाला उणा शब्द बोलायचा नाही. गिरासेंनी नेमकं तेव्हाच सांगितलं, गाडी रोज घेऊन या, निरीक्षणाखाली ठेवू. काकू आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, उपासवाला माणूस एकटा गाडी चालाडी. तुम्ही संगे जा." मी नुकताच निवृत्त झालो होतो. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

सकाळी जैन स्थानकात साधूंपुढे जाऊन शेठ त्या दिवसाच्या उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे नेम, घेत, आणि आम्ही निघत असू. शोरूममध्ये पोचलं की किल्ली द्यायची आणि वाट बघायची. मी सोफ्यावर बसायचो. शेठ फिरायचे. एका चकचकीत गाडीपासून दुसरीपर्यंत, काचेपर्यंत, दारातून बाहेर, फाटकापर्यंत, परत. हातात उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. एक शब्द नाही. गिरासे समोर आले तर हात जोडून पुढे जायचे. जो माणूस दोन महिने भांडला तो अचानक बोलायचाच बंद झाला, ह्याची गिरासेंनी फार धास्ती घेतली. ते माझ्याजवळ येऊन विचारायचे, "सरांचा काय विचार आहे?" मी म्हणायचो, "मला काय माहीत?" मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

फाटकावर चहाची टपरी होती. फिरत फिरत शेठ तिथवर गेले की टपरीवाला हाक मारायचा.

"शेठ, च्या ल्या."

"नको भाऊ. उपास शे."

"कितला दिनना?"

"आठ दिनना."

टपरीवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, काचेच्या इमारतीकडे बघितलं, आणि त्याच्या डोक्यात जे यायचं ते आलं. नंदुरबारला उपोषण नवं नाही. कलेक्टर कचेरीसमोर बाराही महिने कुणी ना कुणी मांडव घालून असतंच, आणि साहेब येऊन लिंबूपाणी पाजेपर्यंत उठत नाही. गाडीसाठी भांडणारा शेठ, तोंडात अन्न नाही, कुणाशी बोलत नाही, रोज येतो. आणखी काय पाहिजे? मोबाईलवर बातम्या देणारा कुणीसा त्याचं गिऱ्हाईक होता. दुपारी बातमी फिरली, शहाद्याचे ज्येष्ठ व्यापारी शोरूमसमोर आमरण उपोषणाला बसले. बसले. जो माणूस त्या आठ दिवसांत तिथं एकदाही बसला नाही, तो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर फाटकाशी सतरंजी घातलेली. तळोद्याचे डॉक्टर आलेले, नवापूरचे दोघे आलेले, सगळ्यांच्या त्याच गाड्या ओळीनं उभ्या. कुणीतरी शेठांच्या गळ्यात झेंडूचा हार घालायला पुढे झालं. शेठ दोन पावलं मागे सरले. हे काय चाललंय ते त्यांना कळेना. मला कळलं होतं, आणि मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता चक्कर येऊन पडतात.

"मास्तर, हाई काय करं लोकसनी," एवढंच म्हणाले.

सगळ्यांना समजावायला ते पुढे होणार तोच कंपनीची गाडी आली. नाशिकहून कंपनीचे साहेब आले होते. गिरासेंनी आदल्या संध्याकाळी घाबरून फोन केलेला. साहेबांनी घोषणा ऐकल्या, गर्दी बघितली, आणि हसतमुखानं जाहीर केलं की शेठजींच्या गाडीचा पंप आजच्या आज बदलून देऊ, खोकं सोबतच आणलंय. टाळ्या पडल्या. गिरासे काचेच्या ग्लासात लिंबू सरबत घेऊन आले. सगळे मोबाईल वर झाले. साहेबांनी ग्लास शेठांपुढे धरला.

"घ्या शेठजी. तुमची मागणी मान्य आहे."

शेठ त्या ग्लासाकडे बघत राहिले. मी त्यांच्या मागेच होतो. मला तेव्हा एकच वाटत होतं, घ्या हो, घ्या. दोन महिने ज्यासाठी धावलात ते खोक्यातून चालत आलंय. पारणं चार दिवस आधी झालं तर आभाळ कोसळणार आहे का?

"साहेब, आपण..." शेठ म्हणाले, आणि थांबले. शुद्ध मराठी सुरू झाली होती, ती त्यांनी जिभेवरच अडवली. डोळे मिटले, हात जोडले, आणि अहिराणीत बोलायला लागले.

"साहेब, हाऊ उपास तुम्हना इरुद्ध नई शे. मन्हा सोतासाठे शे, दरसाल करस. येनावर पंप लिधा ते मन्हा उपास बाटी जाई. गाडी खराब शे म्हनीसन द्यात ते लिसू. मन्हं पोट दखीसन देवू नका."

साहेबांना काही समजलं नाही. त्यांनी गिरासेंकडे बघितलं. मग गिरासेंना ते सगळं मराठीत सांगावं लागलं, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं. गाडी खराब आहे म्हणून द्याल तर घेतील, असं म्हणताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

साहेब हुशार होते. उपोषणच नाही म्हटल्यावर त्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं. ग्लास त्यांनी परत दिला. "मग गाडी रीतसर तपासू," म्हणाले. तपासली, त्याच सपाट रस्त्यावर. एकदम ओके. खोकं गाडीत ठेवून साहेब नाशिकला गेले. सतरंजी आणलेले लोक शेठांना नाही नाही ते बोलले. कुणी म्हणालं विकला गेला, कुणी म्हणालं वाण्याला कसली आलीय हिंमत. डॉक्टर तर त्यांच्याकडे न बघता निघून गेले.

मीही चिडलो होतो. प्रकाशाच्या पुलावर मी तोंड सोडलं. हातचा पंप घालवला, काकू आता जन्मभर यष्टीतच बसणार, लोकांचंही नुकसान केलंत, जे मनात आलं ते बोललो. शेठ ऐकत गाडी चालवत होते. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"मास्तर," पूल संपल्यावर म्हणाले, "वरीसभर मी माल इकसच. ह्या आठ दिनबी इकी टाकू का?"

मी त्यांची पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे केली.

संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्यांना मुगाचं पाणी पाजलं, पारणं झालं. गल्लीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी क्षमा मागितली, आणि आमच्या दाराशी येऊन म्हणाले, "चाला मास्तर, नंदुरबार." मला वाटलं, वॉरंटीचा शेवटचा दिवस, शेवटचं भांडण. पण गाडी शोरूमकडे वळलीच नाही. गिरासेंच्या घरासमोर थांबली.

गिरासेंच्या घरी आदल्या दिवशीच गणपती बसला होता. ते आरतीचं ताम्हन हातात घेऊन उभे होते, बनियनवर, टाय नाही. शेठांना दारात बघून त्यांचा चेहरा पडला. शेठांनी चपला काढल्या, पुढे झाले आणि हात जोडले.

"गिरासे, मिच्छामि दुक्कडम्. आठ दिन मी तुम्हनासंगे काही बोलनू नई, पन मनमा तुम्हले लई शिव्या दिध्यात. रोज दिध्यात. माफ करा."

गिरासेंना वाटलं, ही काहीतरी नवी चाल आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खरंच काही जाणत नव्हतो. मग त्यांनी शेठांकडे बघितलं. शेठ अजून हात जोडूनच उभे होते. गिरासेंनी ताम्हन खाली ठेवलं, देवापुढचा मोदक उचलला आणि त्यातला चिमूटभर तोडून शेठांच्या हातावर ठेवला. शेठांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला. ज्या घासासाठी नाशिकहून साहेब आले होते तो असा गेला, फोटो कुणी काढला नाही.

गिरासेंनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला.

"चाला शेठ," ते म्हणाले, "तोरणमाळ."

गाडी गिरासेंनी चालवली. दुपारी घाट लागला आणि त्या हरामखोर गाडीनं काय करावं? सरळ चढली. वळणामागून वळण, गुणी मुलीसारखी. तलावापाशी पोचलो. मी घड्याळाकडे बघायला लागलो. शोरूम संध्याकाळी बंद होणार आणि त्याबरोबर वॉरंटीही. शेठ उतरून गाडीभोवती फिरत होते, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"अजून एकदाव," ते म्हणाले.

खाली उतरलो आणि पुन्हा चढायला लागलो. एका वळणावर, जिथं काकू उतरल्या होत्या तिथून फार लांब नाही, इंजिन गप्प झालं. एवढं गप्प की बाहेरच्या पाखरांचा आवाज आत आला. गाडी मागे सरकली. गिरासेंनी हातब्रेक ओढला, पायानं ब्रेक दाबून धरला. मी कसा उतरलो मला आठवत नाही. शेठ माझ्या आधी उतरले होते. मागचं दार उघडून त्यांनी बाभळीचा ठोकळा काढला आणि चाकामागे सारला. गाडी ठोकळ्यावर टेकली आणि थांबली.

गिरासे खाली उतरले. वाकून त्यांनी चाकाखालचा ठोकळा बघितला. पलीकडे दरी होती.

"शेठ," ते म्हणाले, "पंपच शे. माले पहिलाच दिनले माहीत व्हतं. वरथीन सांगेल व्हतं, गिऱ्हाईक ओरडस नई तोपावत कबूल करानं नई."

मला वाटलं, आता शेठ शुद्ध मराठी बोलणार. पर्युषण संपलं होतं, बंदी उठली होती.

"माले बी माहीत व्हतं," शेठ म्हणाले. "तुले माहीत शे, हाई."

आणि मग ते रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. पाय जमिनीला टेकून, हात मांडीवर, पाठ ताठ. स्थानक आणि गाडी सोडली तर मी त्यांना आपणहून बसलेलं पाहिलं ते त्याच दिवशी. "बठ," ते गिरासेंना म्हणाले, "जरासा दम खाय." गिरासे त्यांच्या शेजारी बसले. मी उभाच राहिलो, कुणीतरी गाडीकडे बघायला हवं होतं.

गाडी थंड झाल्यावर चालू झाली. शोरूम बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो, आणि घाटात दोष स्वतः पाहिला असं गिरासेंनी आपल्या नावानिशी कळवलं. पंप आला, बसला. त्यानंतर तळोद्याच्या डॉक्टरांना आणि नवापूरवाल्यांनाही गिरासेंनी स्वतः फोन करून बोलावलं. वर त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते त्या शोरूममध्ये नव्हते, शहाद्याच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकून बसले होते. शेठांचा संवत्सरीचा फोन त्यांनाही जायचा.

एवढं होऊनही काकू लगेच गाडीत बसल्या नाहीत. पंप बदलला हे त्यांना शेठांनी सांगितलं, मी सांगितलं, गिरासेंनी घरी येऊन सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि यष्टीचं वेळापत्रक विचारायच्या. शेठ पुन्हा कधी त्यांना "बठ" म्हणाले नाहीत. यष्टीमागे रिकामी गाडी घेऊन जात राहिले.

मग मुलानं सुरतेला बोलावलं. दुकान पुतण्याकडे दिलं, घर बंद करायचं ठरलं. निघायच्या सकाळी सगळी गल्ली ओट्यावर जमली होती. शेठ नेहमीसारखे आत-बाहेर करत होते, कुलूप ओढून बघ, पुन्हा बघ, खिडकी लागली का बघ. काकू पायऱ्या उतरल्या. आम्हाला वाटलं, रिक्षा करून स्टॅंडवर जातील. त्या गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या, दार उघडलं, दोन पिशव्या बाजूला केल्या आणि बाभळीचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून माझ्या बायकोच्या हातात दिला.

"हाऊ आठेच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "दारले लावाले कामी येई."

आणि पुढचं दार उघडून शेठांच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या. पदर सारखा केला आणि समोर बघायला लागल्या.

शेठ ओट्यावर कुलूप हातात धरून उभे होते. त्यांनी ते हलवलं नाही, ओढलं नाही. तसेच उभे राहिले, काकू आतून म्हणेपर्यंत, "चाला ना, कोनी वाट देखी ऱ्हायनात?"